एक्स्चेंजची बॅटरी, घरचा प्लग

जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गिऱ्हाइकाला कधीच न दिसणारी एक खोली असायची. बॅटरी रूम. आत शिशाच्या मोठाल्या सेलची रांग. एकेक सेल २ व्होल्टचा, असे २४ सेल ओळीने जोडले की ४८ व्होल्ट. एक तंत्रज्ञ हायड्रोमीटर घेऊन प्रत्येक सेलमधल्या आम्लाची घनता मोजायचा आणि नोंदवहीत लिहून ठेवायचा. तिथून निघालेली वीज तांब्याच्या दोन तारांवरून रस्त्यातल्या पिलरपर्यंत, पिलरवरून खांबावरच्या डीपीच्या पेटीपर्यंत आणि डीपीवरून आपल्या घरातल्या फोनपर्यंत यायची. रिसीव्हर उचलला की मंडल पूर्ण व्हायचं, एक्स्चेंजला कळायचं की या घरात कुणाला तरी बोलायचं आहे, आणि कानात डायल टोन यायचा. घरातली वीज गेली असली तरी यायचा. अख्ख्या गावाची गेली तरी बॅटऱ्या काही तास तग धरायच्या, आणि मोठ्या एक्स्चेंजमध्ये त्यानंतर डिझेलचा जनरेटर सुरू व्हायचा. फोन वापरणाऱ्याला यातलं काही ठाऊक असण्याची गरजच नव्हती.

आज आपण ज्याला लँडलाइन म्हणतो, तो फोन बहुतेक नव्या घरांत फायबरच्या डबीला जोडलेला असतो आणि ती डबी आपल्या भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचलेली असते. काचेच्या तंतूतून प्रकाश येतो, वीज येत नाही. फोन तांब्यावरून इंटरनेटवर गेला, या स्थित्यंतराबद्दल स्वस्ताई, स्पष्ट आवाज, व्हिडिओ या अंगांनी पुष्कळ बोललं जातं, आणि ते सगळं खरंच आहे. पण फोन जिवंत ठेवण्याची जबाबदारी या बदलात एक्स्चेंजकडून घराकडे आली. ती कुणी मागितली नव्हती, आणि आता ती आपल्याकडे आहे हे बहुतेकांना कुणी सांगितलंही नाही. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

आधी तंत्र पाहू, कारण पुढचे सगळे प्रश्न त्यातूनच निघतात. जुन्या पद्धतीत पुण्याहून नागपूरला फोन लागला की दोन्ही टोकांच्या मधली एक वाट त्या दोघांसाठी राखून ठेवली जायची. ते गप्प बसले तरी वाट त्यांचीच. म्हणून पैसे वेळेचे आणि अंतराचे. एसटीडीच्या काळात अंतर जितकं जास्त तितक्या लवकर मीटरची पल्स पडायची, आणि रात्री उशिरा पाव दर लागू झाला की बूथबाहेर रांग लागायची. इंटरनेटवरच्या फोनमध्ये राखीव वाट नसते. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, प्रत्येक नमुना एका आकड्यात बसवला जातो, आणि साधारण दर २० मिलिसेकंदांच्या आवाजाचं एक पुडकं बांधून, त्यावर पत्ता लिहून, ते जाळ्यात सोडलं जातं. म्हणजे एका सेकंदाच्या बोलण्याची ५० पुडकी. ती वेगवेगळ्या वेळी पोचतात, काही वाटेत हरवतात. पलीकडचं यंत्र थोडा वेळ थांबून ती ओळीत लावतं, हरवलेल्याच्या जागी शेजारच्या आवाजावरून अंदाजाने भर घालतं आणि मग ऐकवतं. एका बाजूने दुसरीकडे आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्याच्या पुढे गेलं की दोघं एकाच वेळी बोलू लागतात, मग दोघं एकाच वेळी थांबतात. व्हॉट्सॲपवर कमकुवत नेटवर्कमध्ये हा अनुभव कुणाला नाही?

आवाजाच्या बाबतीत मात्र नव्याचं पारडं निर्विवाद जड आहे. जुना फोन साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवायचा. माणसाचं बोलणं समजायला तो पुरतो, पण ‘स’सारख्या वर्णांचा बराचसा जोर त्याच्या वर असतो. म्हणून तर आपल्याकडे फोनवर नाव सांगताना ‘साताऱ्याचा स’ असं फोडून सांगायची पद्धत पडली. इंटरनेटवरच्या चांगल्या कॉलमध्ये पट्टा दुपटीने रुंद असतो. पलीकडचा माणूस शेजारी बसल्यासारखा वाटतो, आणि कान अधू झालेल्या माणसांना याचा फरक आपल्यापेक्षा जास्त पडतो.

‘इंटरनेटवरचा फोन’ या एकाच नावाखाली दोन गोष्टी येतात, त्या वेगळ्या ठेवायला हव्यात. एक म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या, राखलेल्या जाळ्यातून जाणारा फोन: फायबरवरची लँडलाइन किंवा मोबाइलवरचा व्होल्टी कॉल. यात आवाजाच्या पुडक्यांना बाकीच्या रहदारीपुढे प्राधान्य असतं. दुसरी गोष्ट म्हणजे व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरचा कॉल. तो शेजारच्या घरात चाललेल्या सिनेमाच्या रहदारीतूनच वाट काढत जातो. पहिल्या प्रकारात आपल्याला नंबर मिळतो, त्यावरून ११२ हा आणीबाणीचा नंबर लागतो, कंपनीला दूरसंचार कायद्याने काही बंधनं असतात. दुसऱ्यात ॲप असलेल्या माणसालाच फोन लागतो.

आपल्याकडे हा प्रवास कसा झाला, ते थोडक्यात सांगतो. मुंबईत एक्स्चेंज आलं १८८२ साली, बेलच्या पेटंटनंतर अवघ्या सहा वर्षांनी. पण त्यानंतरची शंभर वर्षं फोन ही मूठभरांची चीज राहिली. ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट बघायची, शेजाऱ्यांचा पीपी नंबर द्यायचा, अर्ज करून वर्षानुवर्षं थांबायचं. ऑपरेटरशिवाय थेट दुसऱ्या शहरात फोन लावण्याची सोय, म्हणजे एसटीडी, १९६० साली कानपूर आणि लखनऊ यांच्यात सुरू झाली. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था उभी राहिली आणि तिने वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हात चालेल असं छोटं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं. १९८६ मध्ये ते बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसलं. त्याच वर्षी मुंबई आणि दिल्लीसाठी एमटीएनएल ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तरीही १९९१ मध्ये देशभरात फोन होते जेमतेम ५० लाख. खरी वाढ पुढच्या पंधरा वर्षांत झाली, आणि २००६च्या सुमारास तारेवरच्या फोनांची संख्या सुमारे ५ कोटींवर पोचली. तीच शिगेची वेळ. मोबाइल तोवर खिशात आला होता. तिथून आकडा घसरत गेला, तो २०२०पर्यंत २ कोटींच्या आसपास आला.

आणि मग तो पुन्हा चढू लागला. कागदावर पाहिलं तर लँडलाइनचं पुनरागमन झालं असं वाटेल. दूरसंचार नियामक ट्रायच्या ऑगस्ट २०२२च्या आकडेवारीत जिओने तारेवरच्या जोडण्यांमध्ये बीएसएनएलला मागे टाकलं. दशकानुदशकं सरकारी राहिलेल्या क्षेत्रात एक खासगी कंपनी सर्वांत मोठी झाली होती. पण हिशेबाच्या वहीत दोन्हींचं नाव ‘वायरलाइन’ असलं, तरी वस्तू वेगळी होती. वाढले ते फायबरचे ग्राहक. त्यांना हवं होतं इंटरनेट, फोन त्याच्याबरोबर आला. अनेक घरांत त्या डबीच्या मागचं फोनचं छिद्र कधी वापरलंच गेलेलं नाही. तांबं मात्र उतरतच राहिलं. बीएसएनएलनेही आपली जुनी एक्स्चेंजं आयपी तंत्रावर न्यायला आणि तांब्याचे ग्राहक फायबरवर वळवायला सुरुवात केली आहे. म्हणजे घरातला फोन जुनाच, नंबरही जुनाच, आतला मार्ग नवा.

मोबाइलच्या बाबतीत हा बदल तर आपल्या नकळत होऊन गेला. ५ सप्टेंबर २०१६ला जिओची सेवा सुरू झाली तेव्हा कंपनीकडे आवाजासाठी जुन्या धर्तीचं वेगळं जाळं नव्हतंच. पहिल्या दिवसापासून प्रत्येक कॉल पुडक्यांत बांधलेला. बाकीच्या कंपन्या तिच्या मागून त्याच वाटेने गेल्या. मिनिटामागे पैसे मोजायची सवय मोडली, कारण आवाज हा डेटाचाच एक भाग झाला. एका कंपनीचा कॉल दुसरीकडे पोचवण्यासाठी कंपन्या आपसात जे पैसे घेत, ते १४ पैशांवरून २०१७ मध्ये ६ पैशांवर आले आणि १ जानेवारी २०२१पासून शून्य झाले. त्याच महिन्यात लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य फिरवण्याचा नियम आला. मोबाइलसाठी आणखी नंबर मोकळे करायचे होते. जुन्या फोनने सरकून जागा करून दिली.

अंतराची किंमत नाहीशी होणं हा या स्थित्यंतराचा सर्वांत माणुसकीचा भाग आहे. नारायणगावजवळच्या आर्वीला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला उपग्रह केंद्र उभं राहिलं, तेव्हा तिथल्या प्रचंड तबकडीतून भारताचे परदेशी फोन जाऊ लागले. आवाज सुमारे ३६,००० किलोमीटर वर जाऊन तेवढाच खाली यायचा. नुसत्या त्या फेरीला पाव सेकंद लागायचा. अमेरिकेतल्या मुलाशी तीन मिनिटं बोलण्यासाठी आई कागदावर मुद्दे लिहून बसायची. ‘कसा आहेस’ याला उत्तर येईपर्यंत ती पुढचा प्रश्न विचारून मोकळी झालेली असायची. आता आवाज वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून समुद्राखालच्या केबलने जातो आणि कॉल संपवायची घाई नसते. ताटं वाढली जात असताना फोन ओट्यावर उभा करून ठेवतात, न्यू जर्सीतली नात पलीकडे तिच्या कामात असते, आणि बराच वेळ कुणी काही बोलतही नाही. फोनवर असं गप्प बसणं माझ्या आजीच्या पिढीला शक्यच नव्हतं. गप्प बसायला तेव्हा पैसे पडायचे.

कायद्याने या सोयीला सहज येऊ दिलं नाही. इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने १९९५ मध्ये संगणकावरून संगणकावर बोलण्याचं सॉफ्टवेअर विकायला काढलं होतं. आपल्याकडे इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली १ एप्रिल २००२ला, तीही अर्धी: संगणकावरून संगणकावर बोला, संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोला, पण देशातल्या साध्या फोनवर इंटरनेटवरून कॉल करायचा नाही. एसटीडीचं उत्पन्न वाचवायचं होतं. ते समजण्यासारखं होतं, कारण खेड्यातला तोट्यातला फोन त्याच पैशावर चालत होता. पण ही भिंत राहिली ती एसटीडीचं उत्पन्न आटल्यावरही. ती पडली २०१८ मध्ये, आणि त्या जुलैत बीएसएनएलने ‘विंग्ज’ नावाची सिमशिवाय नंबर देणारी सेवा काढली. तोवर ग्राहकाने या परवानगीची वाट बघणं केव्हाच सोडलं होतं. स्काइप २००३ मध्ये आलं होतं, व्हॉट्सॲपवर २०१५ पासून बोलता येत होतं. दुबईत काम करणाऱ्या मराठी माणसाला मात्र आजही व्हॉट्सॲपवरून घरी आवाजी कॉल लावता येत नाही. तिथे परवाना असलेली ठराविक ॲपंच चालतात. आणि स्काइप, ज्याच्या नावाचं एका पिढीने क्रियापद केलं, ते ५ मे २०२५ला बंद झालं. लँडलाइन शंभर वर्षं टिकली. इंटरनेटवरची सेवा तिच्या मालकाला हवी तोवरच टिकते, हा फरकही ध्यानात ठेवावा.

आता पुन्हा विजेकडे येतो.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, पलीकडे मंडणगड, दापोली या भागांत विजेचे खांब आडवे झाले आणि कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. मोबाइलचे टॉवर त्यांच्या बॅटऱ्या आणि डिझेल संपेपर्यंत चालले आणि मग मुके झाले. मुंबई-पुण्यातली माणसं गावाकडच्या आईवडिलांची खबर मिळावी म्हणून तडफडत होती. टाळेबंदीमुळे उठून जाताही येत नव्हतं. तांब्याची तार असती तर सगळं सुरळीत राहिलं असतं, असं मी म्हणणार नाही. झाडं कोसळली तिथे खांबावरची तारही तुटलीच असती. पण जमिनीखालून केबल गेलेल्या घरातला जुना फोन एक्स्चेंजमध्ये जनरेटर चालू असेपर्यंत वाजला असता. फायबरही जमिनीखालून सुखरूप राहतं, नव्हे, तांब्यापेक्षा चांगलं राहतं. पावसाळ्यात तांब्याच्या केबलमध्ये पाणी शिरून फोन खरखरायचा आणि मग मरायचा, काचेला पाण्याचं काही वाटत नाही. तांबं चोरून विकता येतं, काच घेऊन कुणी भंगारवाल्याकडे जात नाही. मार्ग म्हणून फायबर सरसच आहे. त्याच्या टोकाला असलेल्या १२ व्होल्टच्या डबीला वीज कोण देणार, एवढाच प्रश्न आहे.

ब्रिटनने हा प्रश्न सगळ्या देशासमोर मांडून पाहिला, म्हणून तिथला अनुभव बारकाईने बघण्यासारखा आहे. तिथे जुनं टेलिफोन जाळं संपूर्ण बंद करायचं ठरलं. सॉल्सबरी आणि मिल्डनहॉल या दोन गावांत आधी प्रयोग झाले. पूर्ण देशासाठी डिसेंबर २०२५ची तारीख धरली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये आर्वेन वादळाने उत्तरेकडची वीज घालवली, काही घरांत ती कित्येक दिवस आली नाही, आणि इंटरनेटवर गेलेल्या फोनांचं काय होतं ते सगळ्यांना दिसलं. मार्च २०२२ मध्ये बीटी या तिथल्या टेलिफोन कंपनीने आपला घरगुती बदल थांबवला. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये आणखी गंभीर बाब पुढे आली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात एक बटण असतं. पडलं-झडलं तर ते दाबायचं, की फोनच्या तारेवरून मदतकेंद्राला कळतं. देशात अशी सुमारे १८ लाख माणसं आहेत. फोन बदलल्यावर काहींची बटणं निकामी झाल्याचं उघड झालं, आणि कंपन्यांनी ग्राहकाच्या संमतीशिवाय जोडण्या बदलणं थांबवलं. शेवटी अंतिम तारीख ३१ जानेवारी २०२७पर्यंत पुढे गेली. तिथला नियम असा आहे की ज्याच्याकडे दुसरा मार्ग नाही, अशा ग्राहकाला वीज गेल्यावर किमान एक तास तरी आणीबाणीचा फोन करता आला पाहिजे, आणि ती सोय कंपनीने करून द्यायची. अमेरिकेने २०१५ मध्ये वेगळा रस्ता धरला. कंपनीने ८ तासांची, पुढे २४ तासांची बॅटरी उपलब्ध करून द्यायची, पण पैसे ग्राहकाचे. मला ब्रिटनचं तत्त्व बरोबर वाटतं आणि अमेरिकेची मुदत. कोकणातल्या वादळात एक तास पुरत नाही.

आपल्याकडे यावर उत्तर म्हणजे इन्व्हर्टर, ज्याला परवडतो त्याच्यासाठी. मोबाइल आहे ना, असंही लोक म्हणतात. आहे, पण त्याच्या टॉवरलाही वीजच लागते, आणि ऐंशी वर्षांच्या माणसाला काचेच्या पडद्यावर सरकवून उचलायचा फोन अंधारात सापडणं आणि भिंतीशी ठेवलेला रिसीव्हर हाताला लागणं, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. शिवाय तांब्याच्या लाइनीवर फक्त माणसंच नव्हती. लिफ्टमधला आणीबाणीचा फोन, दुकानातला चोरघंटीचा डायलर, दवाखान्यातला फॅक्स, जुनी कार्ड स्वाइप करायची यंत्रं, ही सगळी त्याच दोन तारांवर होती. फॅक्सचे सूर पुडक्यांत बांधले की बरेचदा बिघडतात. सोसायटीने तांब्याची लाइन सोडताना लिफ्टचा फोन कशावर चालतो हे विचारलं, असं फार थोड्या ठिकाणी घडलं असेल.

दुसरी गोष्ट नंबराची. जुना नंबर तारेला बांधलेला होता आणि तार घराला. कुणी फोन केला, कुठून केला, याबद्दल एक्स्चेंजला शंका नसायची. इंटरनेटवर नंबर ही फक्त पुडक्यावर लिहिलेली माहिती असते, आणि ती खोटीही लिहिता येते. परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल सिम बॉक्स नावाच्या यंत्रात घालून भारतीय नंबरवरून पुढे सोडणारी बेकायदा एक्स्चेंजं मुंबई आणि ठाणे जिल्ह्यात पोलिसांनी पकडली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने भारतीय नंबराचा मुखवटा घालून परदेशातून येणारे कॉल अडवणारी यंत्रणा सुरू केली, तेव्हा पहिल्या २४ तासांत १ कोटी ३५ लाख कॉल अडवले गेले. ‘डिजिटल अटक’ म्हणून निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी लुटणारे व्हिडिओ कॉल याच स्वस्ताईवर उभे आहेत. कॉलला पैसे पडत होते तेव्हा दिवसाला लाखो माणसांना फोन करून एखाद्याला फसवणं परवडलं नसतं.

आणि लाइनमन. त्याला कुठल्या डीपीवर कोणाच्या तारांची जोडी आहे हे पाठ असायचं. १९८ला तक्रार नोंदवली की तो कधी दोन दिवसांनी यायचा, कधी दोन महिन्यांनी. त्या काळाची मी आरती ओवाळणार नाही. आज फायबर बहुतेक ठिकाणी भागातला केबलवाला टाकतो, गच्चीवरून गच्चीवर, झाडावरून खांबावर. राउटरवर लाल दिवा लागला की त्यालाच फोन करायचा. तो अनेकदा तासाभरात येतोही. फक्त फोन करायला फोनच नसतो, तेव्हा शेजारी जावं लागतं.

माझ्या घरचं फायबर बसवायला मुलगा आला तेव्हा मी त्याला विचारलं, वीज गेल्यावर हे किती वेळ चालेल? तो म्हणाला, चालणारच नाही, काका. त्याने सरळ सांगितलं याचं मला बरं वाटलं. हे वाक्य अर्जावर, ग्राहकाच्या भाषेत, सही करायच्या जागेच्या वर छापलेलं असावं, आणि ज्या घरात एकटं म्हातारं किंवा आजारी माणूस आहे तिथे बॅटरी जोडणीबरोबरच, कंपनीच्या खर्चाने यावी. ब्रिटनला याचं गांभीर्य वादळानंतर कळलं. आपल्याकडे वादळ येऊन गेलं आहे.

तोवर बाजारात राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, शाळेच्या कंपासपेटीएवढा. गावी आईच्या फोनच्या डबीला मी तो लावून दिला आहे. प्लग काढून तिच्यासमोर फोन वाजवून दाखवला. यूपीएसच्या पाठीवर कागदाची पट्टी चिकटवून बॅटरी बसवल्याची तारीख लिहिली आहे, आणि तिच्या खाली, दर पावसाळ्याच्या आधी तपासून नोंद करायला, चार रिकाम्या ओळी सोडल्या आहेत.